डावीकडे वळणारा मेव्हणा

ब्रेक ही भित्र्या माणसांनी गाडीला लावलेली खोड आहे, असं माझ्या मेव्हण्याचं ठाम मत होतं, आणि या मताखातर हाडं मोडून घ्यायला तयार असलेला माणूस अख्ख्या रियाधमध्ये तो एकटाच असावा. बायकोचा हा धाकटा भाऊ नाशिकहून आमच्याकडे आला तो मोटारसायकलींच्या एका दुकानात सेल्समन म्हणून. पण विकण्यात त्याचं लक्ष कधी नव्हतंच. गिऱ्हाईक किंमत विचारायचं आणि हा त्याला इंजिनाचा आवाज ऐकवत बसायचा. "दाजी, आवाज आवडला की किंमत कोण विचारतो?" असं वर मलाच समजवायचा. एरवी असा माणूस महिन्याभरात विमानात बसला असता, पण त्याचा कफील, म्हणजे दुकानाचा म्हातारा सौदी मालक, याच्याहून वेडा निघाला. त्यानं शहराच्या कडेला, सुलै भागातल्या आपल्या गोदामांमागच्या मोकळ्या आवारात मातीचा लंबगोल ट्रॅक करून घेतला होता आणि युरोपातून स्पीडवेच्या चार गाड्या मागवल्या होत्या. या गाड्यांना ब्रेक नसतो, गिअर एकच असतो. चौघांनी एकदम सुटायचं, चार फेऱ्या मारायच्या आणि दर वळणावर गाडी आडवी घसरवत डावीकडेच वळायचं. पहिल्या शुक्रवारी हा प्रकार पाहून मी म्हटलं, घरी चला. मेव्हणा मात्र मुलगी पसंत पडल्यासारखा गप्प उभा होता.

त्या दिवसापासून त्याच्या आयुष्यात उजवी बाजू उरली नाही. डाव्या बुटाला लोखंडी तळवा बांधून तो वळणावर पाय घासत जायचा आणि घरीही तसाच चालायचा, त्यामुळे त्याची डावी चप्पल झिजून पापडासारखी व्हायची आणि उजवी नवी कोरी राहायची. इमारतीच्या उजव्या हाताला आमचा नेहमीचा बकाला, म्हणजे किराणा दुकान. तिथून दही आणायला पाठवलं तर हा डावीकडून सगळी इमारत वळसा घालून जायचा आणि म्हणायचा, "सराव." हे सगळं बायकोनं चालवून घेतलं असतं, पण एक गोष्ट तिला सहन होईना. "अरे, सगळं जग देवाला उजवी प्रदक्षिणा घालतं आणि तू डाव्या घालत सुटलायस. कसं भलं होणार तुझं?" ताईचा शब्द त्याला मोडवेना. मग त्यानं तोडगा काढला: दर सरावाआधी एक फेरी उजवी मारायची, मग हव्या तेवढ्या डाव्या. तोडगा उत्तम होता, फक्त तो त्यानं कुणाला सांगितला नव्हता. पुढच्या शुक्रवारी बाकीचे तिघं डावीकडे वळत येताहेत आणि हा समोरून भक्तिभावानं उजवी घालतोय, हे पाहून इजिप्शियन मेकॅनिकनं हातातला पाना टाकला आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. कफीलनं मेव्हण्याला बोलावून घेतलं. आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत यानं ताई, देव आणि दिशा हा सगळा विषय मांडला. म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बहिणीचं ऐकतोस, चांगलं आहे. पण इंजिन बंद ठेवून." तेव्हापासून तो गाडी हातानं ढकलत उजवी फेरी घालायचा, आणि ती पुरी झाल्याशिवाय बाकीच्या तिघांतला फिलिपिनो स्वारही आपली गाडी सुरू करेना.

थट्टा पुरे. तो चालवायला लागला की माझी थट्टा बंद व्हायची. बाकीचे गाडीशी झगडताहेत असं वाटायचं; हा तिला नुसतं सांगायचा. गाडी आडवी होऊन घसरायची, मातीचा पडदा उठायचा आणि त्यातून हा सगळ्यांच्या पुढे, खांदे सैल सोडून बाहेर यायचा. आमच्या घरात कुणी कशात पहिलं आल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे ऊर भरून यायचा. कफीलला या गाड्या विकणारा युरोपातला गोरा एकदा सुटे भाग घेऊन आला होता. यानं मारलेल्या फेऱ्या तो कुंपणाला टेकून बघत राहिला आणि कफीलला म्हणाला, "याला सोडू नका. हिवाळ्यात येईन तेव्हा एका हंगामासाठी माझ्या क्लबात घेऊन जातो." मेव्हण्यानं त्याच संध्याकाळी थंडीचे कपडे विकत घेतले. बाहेर तेव्हा रस्त्यावरचं डांबर वितळत होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात नियम आला: मोटारसायकलींच्या दुकानात विक्रीला यापुढे सौदी माणूसच हवा. मेव्हण्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या निवास परवान्यावर, व्यवसाय होता सेल्समन, आणि इकाम्याची मुदत हिवाळ्याआधीच संपत होती. कफीलनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. व्यवसाय बदलून घ्यायला तो स्वतः कचेरीत गेला आणि स्पीडवेचा स्वार असं काही लिहिता येईल का, म्हणून विचारलं. उंट राखणारा चालेल, विहीर खणणारा चालेल, पण असा माणूस कॉम्प्युटरमध्ये नव्हता. मग त्यानं हमाल म्हणून अर्ज केला. तोही परत आला. दुकानात सौदी माणसं कमी, त्यामुळे परदेशी माणसाचं कुठलंच काम पुढे सरकणार नव्हतं. "खलास," म्हातारा म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

जागेवर आलेल्या सौदी मुलाला काम शिकवणं मेव्हण्याच्याच गळ्यात पडलं. यानं त्याला पहिल्या दिवशी इंजिनांचे आवाज ओळखायला बसवलं. तो मुलगा बिचारा ओशाळायचा. एकदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा म्हणाला, "मला नोकरी हवी होती. याचीच हवी होती असं नाही." मेव्हण्यानं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. विमानतळावर निघतानाही तो हसतच होता, "दाजी, मधली सुट्टी समजा." थंडीचे कपडे मात्र बरोबर नेले नाहीत. "इथेच राहू देत, लागतील," म्हणाला.

आता तो नाशिकला द्राक्षबागांना फवारणीची यंत्रं विकतो. चांगली विकतो म्हणे, लग्नही ठरलंय. पण आपल्याकडे हा खेळच नाही, आणि बिनब्रेकची गाडी रस्त्यावर काढता येत नाही. देवानं त्याच्या अंगात घातलेली कला अशी की ती दाखवायला त्याच्यापुरतं एकच आवार, आणि ते नेमकं रियाधला. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतो, नव्या व्हिसाची चौकशी करतो, आणि शेवटी हटकून विचारतो, "दाजी, ट्रॅक आहे ना?"

कफीलनं अंथरूण धरलं तसं मुलांनी ते आवार भाड्यानं दिलं. गाड्या विकल्या. मातीवर सिमेंट पडलं आणि आता तिथे एकावर एक कंटेनर रचलेत. परवाच आम्ही दोघं तिथून गेलो, तेव्हा बायकोनं मला गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून ते कंटेनर बघितले.

काल पुन्हा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "दाजी, ट्रॅक आहे ना?" तेवढ्यात पिठाच्या हातांनीच बायको स्वयंपाकघरातून आली आणि फोनजवळ वाकून म्हणाली, "आहे रे बाबा, तसाच आहे. तू ये."