पाहुण्यांसाठी उसनी कोंबडी

अक्षर वेडंवाकडं आहे, लिहिण्यात चुकाही खूप असतील, माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. आज शेजारी कोंबडी शिजते आहे, त्या वासाने तो दिवस आठवला. धडगावहून जीपने कॉलेजची मुलं आमच्या पाड्यावर उपासमारीचा अभ्यास करायला आली होती. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या होत्या, त्यांच्या अभ्यासातून उपाशी घरांची यादी होईल, त्यात नाव आलं तर तुझ्या सुकलेल्या पोरीला जादा खाऊ मिळेल. पण सासू कडाडली, "घाट चढून आलेल्या पाहुण्याला अंबाडीची भाजी वाढशील? लाज नाही?" म्हणून शेजारणीकडून कोंबडी उधार आणली. जेवून हात धुतल्यावर एका मुलीने वही उघडली. "ताई, आज घरात काय शिजलं?" मी उष्टी भांडी गोळा करायला लागले. सासूच तोऱ्यात म्हणाली, "कोंबडी, भात!" मुलीने तसंच लिहून घेतलं. कोंबडी उसनी आहे, एवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही. यादी आली, त्यात पोरीचं नाव नव्हतं. शेजारीण हसली, "तुम्ही तर कोंबडी खाणारी माणसं, बाई!" त्या वहीत आमचं घर अजूनही पोटभर जेवत असेल. आम्ही मात्र पोरीला पाठीशी बांधून गुजरातेत ऊस तोडायला गेलो, आणि होळीला परतल्यावर शेजारणीचे कोंबडीचे पैसे पूर्ण फेडले.