थिनरने न निघालेला निळा

माझ्या मामाच्या अंगात आतल्या आत रक्त सांडत होतं, आणि आम्ही त्याला हात धुवून ये म्हणत होतो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

मामा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. मी रोह्याचा. बारावी अर्धवट सुटली आणि त्याच्याकडेच काम शिकलो.

आमच्याकडे कुणाच्या हातावर निळा-जांभळा डाग दिसला तर कुणी विचारत नाही. रंगच असणार.

मामी ताट वाढताना ओरडली, "अवो, कोपरापर्यंत रंग हाय. आधी धुवा, मग बसा."

मामाने साबण लावला. मग थिनर लावलं. चोळलं.

डाग वाढला.

"यंदा कंपनीनं रंग चांगला काढलाय," मामा हसला. "निघतच नाय."

मग तसाच डाग मांडीवर आला. तिथे रंग कसा जाईल?

पेणच्या लॅबमध्ये रक्त तपासायला दिलं. घरी येईपर्यंत सुईच्या जागी धरलेला रुमाल भिजला. दुसरा घेतला. तोही भिजला.

तेव्हा जी भीती शिरली ती अजून गेलेली नाही.

आजाराचं नाव मुंबईच्या हॉस्पिटलात कळलं. अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया. रक्त गोठायला मदत करणारा एक घटक असतो. मामाचं शरीर त्यालाच परका समजून मारत होतं.

"आनुवंशिक आहे का?" मी डॉक्टर मॅडमना पहिलं हेच विचारलं.

"नाही. हा जन्मापासून नसतो."

"मग रंगामुळे?"

"तसं सिद्ध झालेलं नाही. बऱ्याच पेशंटमध्ये कारण सापडतच नाही. म्हणून तर रिसर्च चालू आहे."

आनुवंशिक नाही म्हटल्यावर क्षणभर सुटलो असं वाटलं. मग लक्षात आलं. कारणच माहीत नाही, तर सांभाळायचं कशापासून?

मॅडमनी त्या रिसर्चसाठी मामाकडे एक नळी रक्त मागितलं.

मामी घाबरली. "आधीच थांबत नाय, आन् वर आणखी देताय?"

"गो, नायतरी वायाच जातंय," मामा म्हणाला. "घ्या मॅडम."

औषधांनी रक्त थांबलं. डाग हिरवे झाले, मग पिवळे. मामा बाही वर करून दाखवायचा.

"बघ नित्या, पीतांबराचा रंग आलाय. आता सोनेरी मारला की घरी."

आम्ही हसलो. खरंच वाटलं आम्हाला.

पण शरीराचा स्वतःवरचा हल्ला थांबवणाऱ्या औषधांनी बाकी रोगांशी लढायची ताकदही कमी होते. छातीत इन्फेक्शन झालं.

मामा घरी आला नाही.

तेव्हापासून मी निळा रंग हातात घेत नाही. कृष्णाच्या रूपातली मूर्ती आली की दुसऱ्याकडे सरकवतो. माझ्या हातावर निळं दिसलं तर ते काय आहे, हे मला नक्की कळायला हवं.

काम संपलं की नळावर हात घासतो आणि उजेडात येऊन बघतो.

"नित्या, पोरगी बघायला जायचंय काय रे?" कारखान्यातले चिडवतात. "किती घासशील?"

मी हसतो. पुन्हा बघतो.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. निरोगी माणसांचं रक्तही तुलनेला लागतं म्हणाल्या. तेच काम, तेच रंग, पण आजार नाही, असा माणूस हवा. द्याल का?

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

सुई टोचल्यावर थांबलं नाही तर? त्या तपासणीत माझ्यातही काही सापडलं तर?

मामीला कळलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांना पुरत नव्हतं तवा त्यांनी दिलं. तुला काय झालंय?"

काल गेलो.

सुई निघाली. कापूस दाबून बसलो. उचलायची हिंमत होईना.

"दादा, बघा तरी," तिथली मुलगी म्हणाली, आणि तिनेच कापूस उचलला.

थांबलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मामाचे दोन रुमाल आठवले.

आज सकाळी त्या जागी निळा ठिपका आलाय. असं कुणालाही होऊ शकतं, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. तरी मघापासून तीनदा बाही वर केली.

थिनर लावलेलं नाही. रंग नाही, हे मला माहीत आहे.

मामा, तुझ्या रक्ताची नळी तिथल्या फ्रीजरमध्ये अजून आहे. आता माझीही आहे. तुझं का थांबलं नाही, ते त्यांना सापडू दे.

तुला नमस्कार.