पाढेकाकांचे कान

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणाऱ्या काकांना सगळे पाढेकाका म्हणायचे. मी मशीनमधून आलेल्या चिठ्ठीवरचे आकडे मोठ्याने वाचायचे, काका ते पाढ्यांसारखे परत म्हणायचे आणि टाइप करायचे. आकडा परत आला की मी पुढचा वाचायचे. बावीस वर्षं आमचं असंच चाललं. स्क्रीनकडे ना ते बघायचे, ना मी. आकड्यांची बटणं कीबोर्डच्या उजव्या कडेला, वेगळ्या चौकोनात असायची. काकांचा हात तिथे न बघता पडायचा.

मग मॅनेजरसाहेबांना टेबल मोकळं दिसायला हवं झालं. डेस्कटॉप उचलला आणि लॅपटॉप आला. त्याला तो चौकोनच नव्हता. आकडे सगळे वरच्या एका ओळीत. पहिल्या दिवशी काकांची बोटं नुसत्या टेबलावर टकटक करत राहिली. मी म्हटलं, काका, लाकडाचा रिपोर्ट काढताय का? सगळे हसले, काकाही हसले. त्यांनी वेगळा कीबोर्ड मागितला तर साहेब म्हणाले, होईल सवय. मेल्याला स्वतःचं पत्र कधी टाइप करावं लागलं नाही!

दहाव्या दिवशी एका बाईंचा रिपोर्ट आला. पोटॅशियम सहा पॉइंट एक. सहाच्या वर गेलं की वॉर्डात धावपळ व्हायलाच हवी, हृदय बंद पडू शकतं. मी "सहा पॉइंट एक" वाचलं. काकांनी "सहा पॉइंट एक" म्हटलं, अगदी स्पष्ट. बोट मात्र शेजारच्या बटणावर पडलं आणि छापून आलं पाच पॉइंट एक. लॅबच्या डॉक्टरांनी चिठ्ठीशी ताडून न बघताच सही ठोकली. पाचाच्या आसपास कोण ढुंकून बघतं? संध्याकाळी त्या बाई गेल्या. त्यांची मुलगी लॅबच्या दारात येऊन नुसती उभी राहिली होती.

चौकशीत मला विचारलं, तुम्ही वाचायचात, मग स्क्रीनवर का पाहिलं नाही? नोकरी जाणार हे दिसत होतं. मग तोंडातून निघून गेलं, "मी बरोबर वाचलं होतं. काकांना हल्ली कमी ऐकू येतं."

धडधडीत खोटं. काकांचे कान इतके तिखट की दोन खोल्यांपलीकडचं मशीन थांबलं तरी त्यांना कळायचं. वाटलं, आता भडकतील, मला तोंडावर खोटं पाडतील. पण ते माझ्याकडे बघत राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "असेल."

त्याच आठवड्यात त्यांना काढलं. मी राहिले.

महिन्याभराने काका फाटकाशी भेटले. गालफडं बसली होती. मी कसंबसं विचारलं, "काका, कसे आहात?"

ते जवळ सरकले, कानामागे हात धरला आणि म्हणाले, "जरा मोठ्याने बोल गं. माझ्या या कानांपायी एक बाई गेली. तुला आधीच कळलं होतं, तर तेव्हाच सांगायचंस ना मला."