खिडक्यांची साल

किन्हवलीत आमच्या घरासमोरच्या भातशेतीचं लग्नाचं लॉन झालं आणि आमच्या ह्यांना शांततेचं वेड लागलं. मुंबईत त्यांच्या कचेरीत म्हणे खिडकी लावली की रस्ता मुका होतो. दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा. तशाच खिडक्या आणि तसंच पुढचं दार आपल्याला हवं, असं त्यांनी जाहीर केलं. जुन्या खिडक्यांना वाळवी लागलीय, हे कारण मी सुचवून पाहिलं, पण ते त्यांना फारच गावठी वाटलं.

सासूबाईंनी विचारलं, "दोन काचा कशाला रे? एक फुटली तर दुसरी ऱ्हावी म्हणून?"

"आई, मधली हवा आवाज अडवते."

"मंग मधी धूळ गेली तर पुसायची कशी?"

ह्यांनी चर्चा तिथेच थांबवली.

दिवाळीनंतर बसवणारी माणसं कल्याणहून आली. जुन्या चौकटी उपटल्यावर कळलं, आमच्या घरातलं एकही भोक चौकोनी नव्हतं. गवंड्याने प्रत्येक खिडकीला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिलं होतं. फटींमध्ये त्यांनी फोम मारला, तो दुधासारखा उतू आला, सुकल्यावर सुरीने कापला आणि वर सिलिकॉनची रेघ ओढली. काम नेटकं होतं. ह्यांनी मोबाइलवरच्या ॲपने प्रत्येक चौकट सरळ आहे का तपासली आणि मोबाइलचं कव्हर फुगलेलं असल्यामुळे सगळ्या नापास केल्या.

जाताना कारागीर म्हणाला, "साहेब, चौकटीवरची फिल्म आजच काढा. उन्हाने शिजली की निघत नाय."

"आधी रंग होऊ दे. डाग पडतील," हे म्हणाले. त्या प्लास्टिकवर कंपनीचं नाव मोठ्या हिरव्या अक्षरांत छापलेलं होतं आणि ते रस्त्यावरून नीट वाचता येत होतं, हा निव्वळ योगायोग.

लगेच लॉनवर लग्न लागलं. आम्ही दारं-खिडक्या बंद केल्या. गाण्याचे शब्द खरंच थांबले. ढोल तेवढा स्वयंपाकघराच्या पत्र्यातून आत येऊन भांडी वाजवत राहिला. "बघ, किती फरक आहे!" हे म्हणाले. ओरडून म्हणाले, पण म्हणाले.

खरा फरक वेगळाच पडला. बाजाराला निघालेल्या बाया रस्त्यावरून हाक मारायच्या, "येते काय गो?" ती आता आत पोचेना. मी ओ देत नाही म्हटल्यावर आम्हाला माज आलाय असं गावात ठरलं. पुराव्याला हिरवी अक्षरं होतीच.

रंगाऱ्याकडे आधी भावाचं लग्न आलं, मग पाऊस आला, मग लावणी. रंगारी दसऱ्याच्या तोंडावर उगवला. रंग झाला, रविवारी हे ऐटीत फिल्म काढायला बसले आणि नखाएवढा तुकडा हातात आला. गरम पाणी झालं, खोबरेल झालं. त्यांनी विळा उचलला तेव्हा सासूबाईंनी तो काढून घेतला. सोमवारी कामावर जाताना हे म्हणाले, "हळूहळू होईल." म्हणजे मी करीन.

मी स्टुलावर उभी राहून खरवडत होते. बरेच महिने न बोललेली शेजारीण फाटकाशी थांबली. "काय करते गो?"

"कंपनीचं नाव खोडते."

ती इतकी हसली की आत आलीच. मग घरी जाऊन लेकीचा हेअर ड्रायर घेऊन आली. गरम वारा लागला की फिल्म पट्टी-पट्टीने सुटू लागली. ते बघायला आणखी दोघी आल्या, त्यांनीही हात लावला. दार सताड उघडं, सासूबाईंनी चहा टाकला, आणि गावात वर्षभरात काय काय झालं ते मला एका दुपारीत कळलं. मला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनी पुढच्या चौकटीवरून हात फिरवला. "बघ, घाई केली नाही म्हणून एक डाग नाही."

मी हो म्हटलं. मागची खिडकी अजून तशीच आहे. शेजारीण विचारते, "ती कवा करायची?" मी म्हणते, "ये की उद्या." ती येते, आम्ही चहा पितो आणि खिडकी राहून जाते.