इंजिन खोललं

नवी गाडी ताब्यात मिळाली की लोक पेढे वाटतात. रुपराव गजभिये यांनी पेंटर आणला होता. आमच्या शोरूमच्या अंगणातच त्यांनी नव्या डिझेल व्हॅनच्या मागच्या दारावर लेकीचं नाव घालून घेतलं. प्रेमिला.

"अक्षर मोठं काढ गा. मागच्यानं वाचलं पाह्यजे."

"मागचा वाचत बसला तं हॉर्न कोन वाजवन?" पेंटर म्हणाला.

"वाजवू दे. माही पोरगी कोनाच्या बापाले साइड देत नाही."

मी तेव्हा नागपुरातल्या त्या शोरूममध्ये हिशेब पाहत असे. साल शहात्तर. आमच्याकडे गाडी घेणारे बहुतेक व्यापारी, कंत्राटदार किंवा त्यांची मुलं. रुपराव इंदोऱ्याचे. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेलेलं. वडील गिरणीत होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा रुपराव ऐन विशीत, त्यांच्या शेजारी उभे होते. वडील रोज पंचशील म्हणत आणि खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी आले की मुलाकडे पाहत. रुपराव हे हसत सांगत, पण खोटं बोलत नसत. ड्रायव्हरच्या धंद्यात ही अडचणच असते.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने पाळीच्या कामगारांची ने-आण करायचं काम त्यांना दिलं होतं. गाडी धावती असेपर्यंत काम. पहिल्यांदाच ते स्वतःच्या गाडीचे मालक होते, आणि आता दुसऱ्याच्या हाताखाली जायचं नाही, हे त्यांनी बायकोला, देवकीबाईंना, सांगून टाकलं होतं.

पुढच्या मे महिन्यात हिंगणा नाक्याजवळ व्हॅनचं इंजिन ठोके देऊ लागलं आणि जाम झालं. ट्रकच्या मागे बांधून गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आणली. रुपराव घामाघूम होते, पण घाबरलेले नव्हते.

"ग्यारंटी हाये ना जी?"

"आहे," मी म्हणालो. मुदत खरंच शिल्लक होती.

आमच्या मिस्त्रींनी इंजिन उतरवून सुटं केलं. ऑइलचा पंप निकामी झाल्यामुळे बेअरिंगं जळली होती. दोष कंपनीचाच दिसत होता. मग कंपनीचे तपासनीस आले, मनोहरराव दाते. नाशिककडचे, नेमकं बोलणारे, स्वभावाने वाईट म्हणता येणार नाही असे. त्यांनी रुपरावांना एकट्याला बसवून विचारपूस केली आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. काही दिवसांनी त्यांच्या अहवालाची प्रत माझ्या टेबलावर आली. गाडी बंद पडल्यावर आपणच रस्त्यात इंजिन खोलल्याचे ग्राहकाने स्वतः सांगितले. बाहेरच्या माणसाने इंजिन खोलल्यास वॉरंटी लागू राहत नाही. सबब दावा अमान्य.

मी रुपरावांना बोलावून घेतलं.

"तुम्ही रस्त्यात इंजिन खोललं?"

"हो जी. नाक्याजवळच खोललं."

"काय काय काढलं?"

"काढाले काय? खोललं, धूर निंगाला, ऑइलची काडी पाह्यली, बंद केलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, पत्र्याच्या झाकणाखाली असे. ते झाकण उचलणं म्हणजे रुपरावांच्या बोलीत इंजिन खोलणं. आमच्या नागपूरकडे दरवाजा खोलतात, डबा खोलतात, खिडकी खोलतात. दात्यांच्या भाषेत या सगळ्या गोष्टी उघडतात. खोलतात फक्त यंत्रं, आणि तीही पुरजा-पुरजा सुटा करून.

"म्हणजे तुम्ही झाकण उघडलं," मी म्हणालो.

"तेच तं म्हनलो ना जी मी त्याहिले! इंजिन खोललं."

मी हे सगळं मॅनेजरांना समजावलं. त्यांनी कंपनीला लिहिलंही. उत्तर आलं की ग्राहकाचा पहिला जबाब ग्राह्य धरला आहे, नंतरचा खुलासा विचारात घेता येणार नाही. इंजिनच पाहून खरंखोटं करावं, तर ते आमच्याच वर्कशॉपमध्ये आधीच सुटं झालेलं. रुपरावांचा शब्द तेवढा उरला होता, आणि तो त्यांच्याच विरुद्ध गेला होता.

इकडे कारखान्याने दुसरी गाडी लावण्याची तयारी चालवली. मॅनेजरांनी पुन्हा खटपट केली तेव्हा कंपनी थोडी नरमली. मेहेरबानी म्हणून नवे भाग अर्ध्या किमतीत द्यायला ती तयार झाली. अट एकच होती: इंजिन खोलण्याची चूक माझी होती, असं रुपरावांनी लिहून द्यावं.

तो निरोप घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. देवकीबाईंनी चहा ठेवला आणि दारातच उभ्या राहिल्या.

"द्या ना लिहून, प्रेमिलाचे बाबा. गाडी तं उभी राहीन."

"एकदा बोलून फसलो. आता लिहून फसू?"

"कोन वाचून राह्यलं तुमचं लिहेलं?"

"मी वाचीन ना वं! न केलेली चूक केली म्हनून काहून लिहू?"

"शीलवाले झाले मोठे! शीलावर चालन का गाडी?" देवकीबाईंचा आवाज चढला आणि लगेच भरून आला. "बाबूजी, तुम्ही तरी सांगा."

मी लिहून द्या असंच सांगितलं. रुपरावांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि नाही म्हणाले.

कारखान्याचं काम गेलं. व्हॅन आहे त्या अवस्थेत काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने नेली. त्याने इंजिन नवं घातलं, नाव मात्र पुसलं नाही. पुढे कित्येक वर्षं संत्र्यांच्या पेट्या भरलेली प्रेमिला शहरातून फिरताना दिसायची. रुपराव हिंगण्याच्याच दुसऱ्या एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागले. एकदा बाजारात ती व्हॅन समोरून गेली तेव्हा ते मला म्हणाले, "लिहून द्यायले पाह्यजे होतं जी. खरं बोलून कोनाचं भलं झालं?"

देवकीबाई सांगत की तेव्हापासून घरात रुपराव ‘खोल’ म्हणत नाहीत. दार उघड, डबा उघड. "आमच्या घरी नाशिकचा पाहुना राहून राह्यला," असं म्हणून त्या हसत. रुपराव हसत नसत.

शोरूम बंद झालं आणि मीही हिंगण्याला रुपरावांच्याच कारखान्याच्या हिशेबखात्यात लागलो. आता पुढच्या वर्षी मी सेवानिवृत्त होईन. जाणं-येणं रुपरावांच्याच बसने. परवा सकाळी बस अर्ध्या रस्त्यात बंद पडली. मी पहिल्या बाकावर होतो. इंजिनावरचं झाकण त्यांच्या हाताशीच होतं.

मागून ओरडा सुरू झाला. "रुपराव, खोला ना इंजिन! पाळी चुकन!"

"कंपनीचा मिस्त्री येऊ द्या," ते म्हणाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

"काहून जी मामा, झाकनात साप हाये का?" एका पोराने विचारलं आणि अख्खी बस हसली.

मिस्त्री येईपर्यंत ऊन चढलं. कामगारांची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. मिस्त्रीने झाकण उचललं, सुटलेला पट्टा चढवला आणि हात पुसत खाली उतरला. बस सुरू झाली. मागे शिव्या चालूच होत्या.

"आवाजावरून समजलं होतं जी, पट्टा हाये म्हनून," रुपराव हळू म्हणाले.

"मग का नाही—"

"हात गेला होता झाकनाकडे." त्यांनी गिअर टाकला. "पन उद्या कोनी विचारलं तं खोललं म्हनू का उघडलं म्हनू, तेच ठरलं नाही."