शकुंतलाबाईंच्या दुकानातले सहा कप

प्रसादसाहेबांनी पिशवीत हात घातला, मूठभर पत्ती पांढऱ्या कागदावर पसरली आणि खिशातून लोहचुंबक काढलं. चहात काही लोक लोखंडाचा कीस मिसळतात. तो चुंबकाला चिकटतो. साहेबांनी चुंबक पत्तीवरून तीनदा फिरवलं. काही चिकटलं नाही. चौथ्यांदा फिरवताना हात जरा लांब गेला आणि एक टाचणी चिकटून आली.

"ते माही हाय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "कॅलेंडरची."

साहेबांनी टाचणी परत दिली. मग कागदावर पाणी शिंपडून पत्ती चोळली. वापरलेली पत्ती वाळवून, रंगवून मिसळली असेल तर कागदावर लगेच डाग उमटतो. डाग उमटला नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी होती.

मी टी टेस्टर. चहा चाखणं ही नोकरी असते हे माझ्या वडलांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते तहसील कचेरीत कारकून होते. "चहा पिऊन पगार देतात?" असं ते विचारायचे. "पीत नाही, थुंकतो," असं मी सांगायचो. त्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. पण काम असंच असतं. चमचाभर चहा आवाज करत जोरात ओढायचा, टाळूपर्यंत उडवायचा, जिभेवर फिरवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. दिवसाला दोन-तीनशे कप. वेगवेगळ्या मळ्यांचे चहा किती प्रमाणात मिसळायचे हे त्यावरून ठरतं. त्या मिश्रणाला ब्लेंड म्हणतात.

कोचीनला सात वर्षं हे काम करून मी हैदराबादच्या एका नव्या कंपनीत आलो होतो. अजून प्रोबेशनवर होतो. तेव्हा आंध्र प्रदेश एकच होता आणि आमच्या भागात सगळीकडे बारीक डस्टचा, म्हणजे भुकटीचा, चहा चालायचा. आमची कंपनी पत्तीचा चहा विकणार होती. दाणा मोठा, वास चांगला. पाच किलोच्या सीलबंद पिशव्या डीलरकडे जायच्या, डीलर त्या फोडून सुटा चहा हॉटेलांना आणि घरांना वजनावर द्यायचा.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्याच्या डीलर शकुंतलाबाई. त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर बाईंनी हायवेवर किराणा दुकान टाकलं आणि नऊ वर्षं चालवलं. आमची एजन्सी घेतल्यावर दोन महिन्यांत सहा हॉटेलांनी चहा परत केला. रंग मातकट येतो, वर पापुद्रा धरतो, चव नाही. निझामाबादहून तक्रार नव्हती. करीमनगरहून नव्हती. फक्त इथून.

कंपनीनं सरळ हिशोब केला. चहा सगळीकडे तोच, डीलर वेगळा, म्हणजे डीलरच काहीतरी मिसळतोय. सेल्स मॅनेजर प्रसादसाहेबांच्या बॅगेत एजन्सी रद्द करण्याचं पत्र टाइप होऊन तयार होतं. कारणाच्या जागी एकच शब्द होता, मिलावट. मला त्यांनी सोबत आणलं ते त्या शब्दाखाली सही करायला.

बाईंना हे कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

"साहेब, एजन्सी न्या," त्या मला म्हणाल्या. "मले तिचं काई नाई. पण मिलावट लिवलं त माह्याकडून मीठ तरी कोन घेईन? दोन पोरी हायेत माह्या शाळेत. त्याईले कोनी म्हनलं, तुही माय भेसळ करते, त मी काय सांगू?"

"बाई, अजून मी चाखलं नाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कुटचे?"

"भीमपूरकडचा. पैनगंगेच्या काठचा."

"मंग साहेब काऊन म्हनू? भाऊच म्हनतो. चाखा, भाऊ. पन खरं सांगा."

हे प्रसादसाहेबांना आवडलं नाही. त्यांना मराठी येत नव्हती, पण भाऊ हा शब्द कळत होता.

"आपका गाँववाला मामला नहीं बनना चाहिए," ते म्हणाले.

"तो अंधा टेस्ट करते हैं," मी म्हणालो.

अंधा टेस्ट म्हणजे कुठल्या कपात कुठला चहा आहे ते चाखणाऱ्याला माहीत नसणं. हैदराबादहून आम्ही त्याच लॉटची एक सीलबंद पिशवी आणली होती. बाईंची उघडी पिशवी समोर होती. सहा कप मांडायचे. तीनमध्ये बाईंचा चहा, तीनमध्ये सीलबंद. मी कपांकडे पाठ करून उभं राहायचं. कपांवर खूण काय करायची यावर थोडा वेळ गेला. मग बाईंनी टिकल्यांचं पाकीट काढलं. त्यांच्या चहाच्या कपाखाली लाल टिकली, सीलबंद चहाच्या कपाखाली हिरवी. चिकटवायला प्रसादसाहेब स्वतः बसले. मी वळून पाहिलं नाही, पण एक टिकली त्यांच्या बोटाला चिकटली आणि निघेना, एवढं त्यांच्या पुटपुटण्यावरून कळलं.

टेस्टरचा चहा करायची रीत साधी असते. एका कपाला अडीच ग्रॅम पत्ती, म्हणजे जुन्या चवन्नीच्या वजनाइतकी. वर खळखळ उकळतं पाणी. झाकण. पाच मिनिटं, घड्याळ लावून. मग गाळून घ्यायचा. दूध-साखर नंतर. या गाळलेल्या पाण्याला लिकर म्हणतात. चांगली लिकर तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी चमकते. त्याला आम्ही ब्राइट म्हणतो. नाही चमकली तर डल.

मी वळलो. सहाही कप डल होते. नुसते डल नाहीत, खरकट्या पाण्यासारखे. वर तेलकट पापुद्रा, चमच्यानं ढकलला तर तुटून तुकडे होणारा.

मी एकेक चाखला. पहिला मेलेला. दुसरा मेलेला. तिसऱ्यानंतर मी परत पहिल्यावर गेलो. जिभेला काहीतरी फरक सापडावा म्हणून मी खरंच प्रयत्न केला. पिकदाणी नव्हती, बाईंनी पत्र्याचा डबा दिला होता. बाहेर हॉटेलवाला गंगाराम आणि आणखी चार माणसं उभी राहून मला थुंकताना पाहत होती.

"कौनसा मिलावटवाला है?" साहेबांनी विचारलं.

"छहों एक हैं."

"मतलब?"

"मतलब छहों में एक ही चाय है. और छहों खराब हैं."

साहेबांनी कप उलटे करून टिकल्या पाहिल्या. तीन लाल, तीन हिरव्या. मग त्यांनी स्वतः सहाही कप चाखले. ते थुंकले नाहीत, गिळले. त्यावरून ते किती गोंधळले होते हे मला कळलं.

सीलबंद पिशवी त्यांनी स्वतः हैदराबादच्या गोदामातून उचलली होती. वाटेत जीपमध्ये ती त्यांच्या पायाशी होती. तिच्यात शकुंतलाबाईंनी काही मिसळलं असणं शक्य नव्हतं.

"तुमचं झालं असन त मी बोलू?" बाई म्हणाल्या.

"बोला."

"माहा भाऊ भीमपूरले राह्यते. हाच चहा मी त्याले नेऊन देला. तो म्हने, लय चांगला हाय, अजून आन. मी म्हनलं, तुही जीभ बिघडली. आता तुमी सांगा भाऊ, माह्या घरी तोच चहा काया काऊन होते?"

मी परत पहिल्या कपाकडे पाहिलं.

"या बोअरच्या पान्यात तुरीची डाय शिजत नाई. साबनाले फेस येत नाई. मंग तुमचा चहा काय शिजन?"

असं म्हणून त्यांनी ज्या भगुण्यात पाणी उकळलं होतं ते माझ्यासमोर आडवं धरलं. आतून त्याला चुन्यासारखा पांढरा थर बसला होता. नखानं खरवडला तर पापडी निघत होती.

मी बी. एस्सी. केमिस्ट्री. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात चहाचा रंग मरतो, पापुद्रा धरतो आणि चव बसते, हे मी कोचीनला पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. त्यातही मोठी पत्ती लवकर मरते. कडक डस्ट कसाबसा तग धरतो. म्हणून तर ज्या भागात चहा विकायचा त्या भागाचं पाणी कॅनमधून मागवून त्याच पाण्यात ब्लेंड चाखतात. हा या धंद्यातला पहिला नियम.

एकच गोष्ट बघायची राहिली होती. प्रसादसाहेब प्रवासात बाहेरचं पाणी पीत नसत. घरून कॅम्पर भरून आणत. मी तो मागितला.

"ये पीने का पानी है," ते म्हणाले.

"पीने के लिए ही चाहिए."

त्यांनी दिला. बाईंनी नवं भगुणं काढलं, दुकानातलं, विकायचं. त्यात हैदराबादचं नळाचं पाणी उकळलं. एक कप लाल टिकलीचा, एक हिरवीचा. मी घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली. मी गाळलं. दोन्ही कप लखलखीत. गंगाराम पुढं आला, त्यानं एक कप उचलून नाकाशी धरला आणि सगळ्या पत्तीचा वास आत ओढला. मग तेलुगूत काहीतरी म्हणाला. प्रसादसाहेब लाल झाले. मी अर्थ विचारला नाही.

"ठीक है," साहेब म्हणाले, "पानी की गलती है. लेकिन आदिलाबाद का पानी टेस्ट किसने किया था?"

आता हे सांगावंच लागतं. ब्लेंड पक्का करताना आमच्याकडे एक फॉर्म असायचा. प्रत्येक जिल्ह्यापुढं पाण्याचा रकाना. निझामाबादहून कॅन आला. करीमनगरहून आला. आदिलाबादच्या वेळी एम. डी. साहेबांनी विचारलं होतं, माणूस पाठवायचा का. मी म्हणालो होतो, "सर, मेरा अपना जिला है." आणि रकान्यात लिहिलं होतं, पाणी हलकं. खाली सही. माझ्या डोक्यात पैनगंगेचं पाणी होतं. लहानपणी आईनं आणलेल्या घागरीतलं. जिल्हा केवढा मोठा, भीमपूर कुठं, नेरडीगोंडा कुठं आणि बेज्जूर कुठं. नदी कुणाकडे, बोअर कुणाकडे. मी सगळ्यांना एकाच घागरीतून पाणी पाजलं होतं.

"मैंने," मी म्हणालो. "टेस्ट नहीं किया. लिख दिया."

प्रसादसाहेबांनी कॅम्परचं झाकण लावलं. मग त्यांनी बॅगेतून पत्र काढलं.

"इसमें डीलर की जगह किसका नाम डालूँ?"

"मेरा डालिए. मिलावट की जगह लापरवाही."

शकुंतलाबाईंना हिंदी चांगली येत होती. कॅम्परचं उकळलेलं पाणी उरलं होतं, त्यात पत्ती, दूध-साखर घालून त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा दिला. तो मी प्यालो, थुंकलो नाही. पण कुणाच्या डोळ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ही बाई दोन महिने लोकांचे टोमणे ऐकत होती आणि त्याचं कारण माझ्या हस्ताक्षरात हैदराबादच्या फाइलीत पडून होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "भाऊ, कंपनीकडून कागद पायजे. मराठीत. शिक्क्याचा."

"कशाचा?"

"मी काई मिसयलं नाई, याचा."

हैदराबादला एम. डी. साहेबांनी मला वीस मिनिटं उभं ठेवलं. त्यांनी आवाज चढवला नाही. फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "अपना जिला?" मी हो म्हणालो. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. मग मी मराठीत पत्र लिहून सहीला ठेवलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं.

"क्या लिखा है?"

"गलती कंपनी के टेस्टर की थी. डीलर की चाय शुद्ध थी. कंपनी को खेद है."

"कंपनी को खेद है, ये लिखना ज़रूरी है क्या?"

"उन्होंने माँगा है, सर."

त्यांनी सही केली. शिक्का मी मारला, जरा जोरात.

पुढचा महिनाभर मी आदिलाबाद जिल्ह्यातून पाण्याचे कॅन गोळा केले. प्रत्येकावर गावाचं नाव, आणि विहीर, बोअर की नदी तेही. हायवेच्या गावांसाठी वेगळा ब्लेंड बांधला. पत्ती लहान, आसामचा माल जास्त, म्हणजे जड पाण्यातही कडक उतरेल असा. तो पास करायला मी बाईंच्या दुकानातच गेलो, त्यांच्याच बोअरच्या पाण्यावर, गंगारामच्या स्टोव्हवर, त्याच्या पद्धतीनं दुधात उकळून. गंगाराम म्हणाला, बरा आहे. त्याच्या तोंडून एवढंच निघतं, असं बाईंनी मला नंतर सांगितलं.

पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं वाचलं. एकदा वाचून झाल्यावर परत पहिल्या ओळीवर गेल्या.

"टेस्टरची चूक, असं लिवलं. टेस्टरचं नाव कुटं हाय?"

मी पेन काढलं आणि काउंटरवर टेकून टेस्टर या शब्दापुढं माझं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला, घडी घालून पोरींच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ट्रंकेत ठेवला आणि सहा हॉटेलांपैकी चारांची ऑर्डर मला सांगितली. उरलेली दोन परत आली नाहीत. त्यांनी दुसऱ्या कंपनीचा डस्ट धरला होता आणि तो त्या पाण्यात खरंच बरा उतरत होता. मी चाखून पाहिला.

पुढं मी एकवीस वर्षं हे काम केलं. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या टेस्टरला पहिल्या दिवशी चहा देत नसे, नुसतं पाणी चाखायला देत असे आणि त्याच्या गावाचं पाणी कसं आहे ते विचारत असे. ज्यानं स्वतःच्या गावाचं पाणी न चाखताच गोड म्हटलं, त्याच्या हातात मी पाण्याच्या रकान्याचा फॉर्म इतक्यात देत नसे.