गोष्टीतल्या आईची बाजू

दहावीला आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक अमेरिकन कथा होती. कापसाच्या मळ्यावर राबणारी एक कृष्णवर्णीय बाई ऐन वेचणीत आपल्या मुलीची शाळा बंद करते, एवढीच गोष्ट. वालूरच्या आमच्या शाळेत इंग्रजी म्हणजे गाईडमधली उत्तरं पाठ करायची, अशीच रीत होती. त्या वर्षी मात्र सेलूहून ये-जा करणारे नवे सर आले आणि त्यांनी गाईड दप्तराबाहेर काढायचं नाही, असं बजावलं. धडा मोठ्यानं वाचायचा आणि काय वाटलं ते उभं राहून सांगायचं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना.

कथा संपल्यावर सरांनी विचारलं, ही आई कशी आहे? एकेक जण उठून ती कठोर आहे, अडाणी आहे, असं सांगायला लागला. सरही मान डोलवत होते. मला ते पटेना.

माझी आई दर हंगामात लोकांच्या रानात कापूस वेचायला जाते. आठवीत असताना तिनं मलाही शाळा बुडवून सोबत नेलं होतं. तेव्हा ती माझ्याशी धड बोलायची नाही. दुपारी भाकरी सोडली की मोठा तुकडा माझ्यापुढं सरकवायची आणि दुसरीकडं बघत बसायची. रागावली असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी हात वर केला.

"सर, शी इज नॉट हार्ड," मी म्हणाले. "शी इज अशेम्ड."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. सरांनी हातानंच सगळ्यांना गप्प केलं आणि हे कशावरून म्हणतेस, असं विचारलं. मी पान उलटलं. शेवटाकडं एक वाक्य होतं. मुलगी झोपल्यावर आई तिचा शाळेचा फ्रॉक धुते आणि घडी करून स्वतःच्या उशाशी ठेवते. पुढचं मला इंग्रजीत जमेना, म्हणून सरांनी मराठीत बोलू दिलं. मी म्हटलं, मुलीची शाळा बुडवल्याची तिला लाज वाटते; परत पाठवायचंच नसतं, तर तिनं तो धुतला कशाला असता?

सरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"या वाक्यावरून मी नुसता पुढं गेलो होतो," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ब तुकडीत हा धडा समजावून सांगायला उभं केलं. हातात खडू होता आणि आवाज कापत नव्हता.

घरी मी आईला सगळी गोष्ट आमच्या बोलीत सांगितली. तव्यावरची भाकरी उलटत तिनं विचारलं, "तिकडं बी कापूस असतोय व्हय?" मग त्या पोरीचं पुढं काय झालं, ते विचारलं. गोष्ट तिथंच संपते, असं मी सांगितलं.

"गेली असंल शाळंत," आई म्हणाली. भाकरी टोपल्यात टाकून तिनं हळूच विचारलं, "आन तू सरला तोंडावर बोललीस? इंग्रजीत?"

मी हो म्हटलं. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. पण तिच्यासोबत वेचणीला जाणारी एक मावशी मला दोन दिवसांनी स्टँडवर भेटली.

"तुज्या मायीनं लय डोस्कं खाल्लं आमचं," ती हसत म्हणाली. "दिसभर तुजंच सांगायली."

आता मी परभणीत इंग्रजी घेऊन एम.ए. करते. अमेरिकन साहित्याचा पेपर मला सगळ्यात सोपा जातो, असं मी सांगते तेव्हा मैत्रिणींना ती बढाई वाटते. वाटू दे.